दादाजी दुर्गे उठले त्याची नोंद

समजा, तुम्हाला तीन मिनिटं दिली आहेत. समोर मांडव, मांडवात हजारभर खुर्च्या, मंचावर पांढऱ्या कापडाच्या टेबलामागे तीन अधिकारी. तुमच्या हातात माइक दिलाय. तुमच्या गावात एक तलाव आहे आणि त्या तलावाला पाणी पुरवणारा एक नाला आहे. शेजारची कोळशाची खाण वाढवायची म्हणून तो नाला दुसरीकडे वळवणार आहेत. तो का वळवू नये, हे तुम्हाला सांगायचंय. नाल्याचं पाणी तलावात कुठून शिरतं, तलावातून एकेचाळीस घरांच्या धानाला कसं पोचतं, शेवटच्या बांधीला, म्हणजे भाताच्या खाचराला, किती दिवसांनी मिळतं, सगळं. तीन मिनिटांनी घंटी वाजेल. तुम्ही आयुष्यात कधी माइक धरलेला नाही. करा सुरुवात.

घड्याळ लावून खरंच करून पाहा. मी पाहिलं. मी मोजणीचं काम शिकलेला माणूस, नकाशे वाचण्यावर माझं पोट चालतं. तरी मला सव्वापाच मिनिटं लागली आणि सांडव्याचं सांगायचं राहूनच गेलं.

मोहाबोडीच्या दादाजी दुर्गेंना हे काम २०२३च्या फेब्रुवारीत करावं लागलं.

मोहाबोडी भद्रावतीच्या पूर्वेला आहे. एसटी फाट्यावर सोडते, पुढे तीन किलोमीटर पायी. आदल्या डिसेंबरात त्या रस्त्याच्या मोजणीसाठी मी तिथे पंधरा दिवस होतो आणि दादाजींच्या घरी राहत होतो. घरात दादाजी, त्यांची बायको अंजनाबाई आणि धाकटी मुलगी साक्षी. साक्षी चंद्रपूरला बी.एस्सी. शिकते, शनिवार-रविवार गावी येते.

दादाजी तलावाचं पाणी सोडतात. त्यांच्या आधी त्यांचे वडील सोडत. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटात दगडी मोरी आहे, तिला इकडे तुडूम म्हणतात. तिला एकाखाली एक सात भोकं, प्रत्येक भोकात लाकडाचा दट्ट्या. वरून पाणी उतरत जाईल तसा खालचा दट्ट्या काढायचा. त्यासाठी गार पाण्यात बुडी मारावी लागते. दादाजी साठीला आलेत, अजूनही एका दमात दट्ट्या काढून वर येतात. वर आले की पहिल्यांदा नाक शिंकरतात आणि मग ओरडतात, "गेलं बावा पाणी!"

पण दट्ट्या काढणं हे अर्धं काम. कधी काढायचा, कुणाच्या बांधीला आधी पाणी, हे दरवर्षी पाऊस सरल्यावर पाळीवरच्या बैठकीत ठरतं. त्या बैठकीची एक रीत आहे. ती मला तेव्हा पुरती कळली असती, तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं.

बैठकीत मत घेत नाहीत. हात वर करत नाहीत. एखाद्याला ठरत असलेली गोष्ट पटली नाही, तर तो थोडा वेळ बोलून पाहतो. ऐकलं नाही, तर दुपट्टा झटकतो, दुसऱ्या खांद्यावर टाकतो आणि घरी जातो. त्याला ते म्हणतात, "उठला." माणूस उठला की तुडूम बंद. कितीही घाई असो, धान वाळत असो, दट्ट्याला हात लावायचा नाही. ज्याच्या बोलण्यावरून तो उठला, त्याने त्याच्या घरी जायचं, पाणी प्यायचं, बोलायचं आणि त्याला परत आणायचं. उठलेल्याने आपणहून यायचं नाही, मागे वळायचं नाही आणि आपली कुठलीही वस्तू मागे ठेवायची नाही. बिडीचं बंडल जरी राहिलं, तरी लोक म्हणतात, हा रुसलाय, उठला नाही.

दादाजी आयुष्यात एकदा उठले होते, २००३ साली. त्यांच्या बौद्ध वस्तीच्या बांध्या पाटाच्या शेपटाला आहेत, पाणी सगळ्यात शेवटी पोचतं. गावातले मोठे शेतकरी गुणवंतराव, त्यांची शेती पाटाच्या तोंडाशी. त्या वर्षी पाऊस लवकर गेला, आणि गुणवंतराव बैठकीत म्हणाले की तोंडाच्या बांध्यांना दुसरं पाणी आधी देऊ, शेपटाचं पहिलं नंतर पाहू. दादाजी उठले. सात दिवस तुडूम बंद राहिलं. गुणवंतरावांच्याच धानाच्या लोंब्या पांढऱ्या पडायला लागल्या. सातव्या दिवशी सकाळी गुणवंतराव बौद्ध वस्तीत आले आणि दादाजींच्या अंगणात बसले.

"ह्या घरात त्यायनं पयल्यांदा चहा घेतला," अंजनाबाईंनी मला सांगितलं. "त्याच्या आधी कईच नाई. येवढा गरम होता तरी घटाघटा पेले. मी म्हटलं, पेऊ द्या, जीभ जळली तं जळली."

तेव्हापासून दोघांची दोस्ती. गुणवंतराव रोज संध्याकाळी यायचे.

मी तिथे असतानाच ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली. खाणीच्या विस्ताराबाबत जनसुनावणी. प्रकल्पाचा अहवाल साडेचारशे पानांचा, इंग्रजीत. मराठी सारांश अठरा पानांचा. साक्षीने तो मोबाईलवर उतरवून घेतला आणि माझ्यापुढे नकाशा धरला. "प्रफुलभाऊ, आपलं गाव कुठं आहे यात?"

मी गाव दाखवलं. नाला दाखवला. निळ्या रेघेवर लाल तुटक रेघ होती, ती नाल्याची नवी वाट. नाला गावाच्या दीड किलोमीटर आधीच वळून उत्तरेला जात होता.

"अन हे पांढरं काय गा?" दादाजींनी बोट ठेवलं.

"पडीक जमीन लिहिलंय."

"तलाव कुठी हाय मंग?"

मी नकाशा दोनदा पाहिला. "तोच आहे. तलावालाच पडीक लिहिलंय."

मग अंजनाबाईंना हसू फुटलं. "पाय वो साक्षी, तुह्या बापानं सारी उमर पडीकात डुबक्या मारल्या!"

अहवालात पाहणीची तारीख होती, अकरा ते एकोणतीस मे. मेमध्ये तलाव रिकामा असतो. मासे धरून झालेले असतात, लोक गाळ काढून शेतात टाकत असतात, गुरं मधोमध चरतात. पाहणी करणाऱ्याने समोर दिसलं ते लिहिलं. मी मेमध्ये आलो असतो, तर घाईत मीही तेच लिहिलं असतं.

गावाने ठरवलं की दादाजींनी बोलायचं. पाण्याचं त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मी चौकशी केली. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळणार होती. शिवाय लेखी हरकती देता येणार होत्या. मी तलाव मोजून दिला, साक्षीने आणि मी मिळून एक मसुदा केला, आणि मोहाबोडीच्या एकशे बारा माणसांनी आपापल्या नावाने हरकती लिहून सह्या-अंगठे केले. पोस्टाने पाठवायच्या का, असं साक्षीने विचारलं होतं. मीच म्हणालो, "नको, सुनावणीत हातात देऊ आणि पोच घेऊ. पोच असली की कुणी नाही म्हणू शकत नाही." हा सल्ला माझा.

मग दादाजींची तालीम सुरू झाली. अंगणात गुणवंतराव खुर्ची टाकून साहेब झाले. मांडीवर थाळी, हातात चमचा, आणि साक्षीने मोबाईलवर वेळ लावलेली.

"आदरणीय मंचावर बसलेले मोठे साहेब, त्यायच्या बाजूचे साहेब, आमच्या गावचे सरपंच, उपसरपंच, इथी जमलेल्या माता-भगिनी..."

टण्ण! गुणवंतरावांनी थाळी वाजवली. "झाले तीन मिन्टं. चाल, खाली बस."

"अबे, आता तं नमस्कार करून राह्यलो!"

"बाबा, नमस्कारातच दीड मिनिट गेलं," साक्षी म्हणाली.

"जय भीम म्हणा जी अन सीधे पाण्यावर या," अंजनाबाई चुलीपासून ओरडल्या. "साहेबाले तुमची सोयरीक जुळवाची हाय का?"

दुसऱ्या खेपेला दादाजी आजोबांच्या काळातल्या दुष्काळापासून सुरू झाले. टण्ण. तिसऱ्या खेपेला तुडुमाची सात भोकं एकेक करून सांगत होते, चौथ्या भोकावर टण्ण. गुणवंतरावांना साहेबकी फार आवडली. "काका, मुद्द्यावर बोला," असं ते नाकात म्हणायचे आणि सगळं अंगण हसायचं. आठवडाभराने दादाजींनी सगळं दोन मिनिटं पन्नास सेकंदांत बसवलं. शेवटचं वाक्य होतं, "साहेब, एक वेळ येऊन तलाव पाहा, मंग काय लिव्हाचं ते लिव्हा." त्या दिवशी गुणवंतराव थाळी वाजवायला विसरले.

सुनावणी फेब्रुवारीत, खाणीजवळच्या मैदानात होती; मी त्यासाठी परत आलो होतो. मोहाबोडीचे दोनेकशे लोक पाच ट्रॅक्टरमधून आले. आम्ही साडेनऊला पोचलो, तेव्हा पुढच्या सगळ्या खुर्च्या पिवळ्या टोप्यांनी भरलेल्या होत्या. ही माणसं बसमधून आणलेली, कुठल्या गावची ते कळलं नाही. साक्षीच्या कॉलेजच्या थैलीत एकशे बारा हरकती होत्या. टेबलाशी बसलेल्या माणसाने सांगितलं, "शेवटी द्या. सगळ्या एकदम घेऊ, पोच तेव्हाच मिळेल." दादाजींना अडतीस नंबर मिळाला.

आधीच्या सदतिसातले तीसजण नोकऱ्यांवर बोलले. खाण झालीच पाहिजे, पोरांच्या हाताला काम पाहिजे. त्यात खोटं काही नव्हतं. मोहाबोडीचीही चार पोरं तेच म्हणत होती आणि दादाजींना त्यांचा राग नव्हता. "त्यायले नोकरी द्या ना," ते माझ्या कानात म्हणाले, "नाल्यानं कोणाची नोकरी अडवली?"

अडीचला त्यांचा नंबर आला. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. माइक त्यांनी दोन्ही हातांनी धरला, दट्ट्या धरतात तसा.

"जय भीम साहेब. मी दादाजी दुर्गे, मोहाबोडीचा. आमच्या तलावाचं पाणी मी सोडतो. तलावात पाणी येते ते ह्याच नाल्याचं. तुमी नाला वळवला..."

"काका, एक मिनिट." मधले अधिकारी कागद चाळत होते. आवाज चढलेला नव्हता. खरंच शोधत होते. "अहवालात तलाव दिसत नाहीये. कोणता तलाव म्हणताय तुम्ही?"

मंचाच्या कोपऱ्यातून एका माणसाने वाकून सांगितलं, "सर, ती पडीक जमीन आहे."

"पडीक नाई साहेब. सव्वीस हेक्टर पाणी हाय, ह्या पोरानं मोजलं. येऊन पाहा ना. आजच या. टॅक्टर हाय आमचा."

पिवळ्या टोप्यांतून हशा आला. अधिकारीही जरा हसले. "ते नंतर बघू. तुमचा मुद्दा काय आहे तो सांगा. रोजगाराबद्दल काही म्हणायचंय?"

दादाजींनी तालमीत सगळं बसवलं होतं, पण मधे कुणी प्रश्न विचारेल हे आम्ही कुणीच धरलं नव्हतं. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार, तोच घंटी वाजली. ती खरी पितळी घंटी होती, थाळीपेक्षा तिचा आवाज बारीक होता.

"नोंद घेतली आहे. धन्यवाद. पुढचा नंबर."

"साहेब, तुमी आमचा तलाव मानता का नाई, येवढंच सांगा."

"काका, आम्ही ऐकायला बसलोय. इथे निर्णय होत नाही."

दादाजींनी माइक टेबलावर हलकेच ठेवला. दुपट्टा काढला, झटकला आणि दुसऱ्या खांद्यावर टाकला.

"मंग मी उठलो," ते म्हणाले. माइक खाली होता, त्यामुळे पुढच्या दोन रांगांनाच ऐकू आलं.

ते मधल्या वाटेने चालत निघाले. गुणवंतराव उठले. त्यांच्यामागे आख्खं मोहाबोडी उठलं. घोषणा नाही, आवाज नाही. बायांनी पिशव्या उचलल्या, एका म्हातारीने खुर्चीखाली गेलेली पाण्याची बाटली वाकून काढून घेतली. दोनशे माणसं दोन मिनिटांत मांडवाबाहेर गेली. मंचावरून आवाज आला, "बसून घ्या, बसून घ्या, जेवणाची व्यवस्था आहे."

मी पण त्यांच्याबरोबर बाहेर पडलो. मी मोबाईलवर फोटो काढत होतो. मला वाटलं, यापेक्षा मोठ्याने कुणी नाही म्हणूच शकत नाही.

ट्रॅक्टरपाशी आल्यावर मला थैली आठवली. ती साक्षीच्या खांद्यावर होती.

"दे, मी आत देऊन येतो."

साक्षीने वडिलांकडे पाहिलं. दादाजींनी मान हलवली. "नाई."

"दादाजीभाऊ, एकशे बारा हरकती आहेत त्यात! त्या दिल्याच पाहिजेत."

"उठलेला माणूस मागं काई ठेवत नाई, प्रफुलभाऊ. थैली आत गेली, तं मी उठलोच नाई. रुसलो."

"ही पाळीवरची बैठक नाही. इथले नियम वेगळे आहेत."

"तुमच्या नियमात माणूस उठला तं काय करते?" गुणवंतरावांनी मला विचारलं. त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

नियमांचं पुस्तक मी वाचलं होतं, सूचना किती दिवस आधी द्यायची ते मला पाठ होतं. उठलेल्या माणसाचं त्यात काय होतं ते मी शोधलंच नव्हतं. मी पुन्हा म्हणालो, निदान एका माणसाने जाऊन द्यावी. कुणी हललं नाही. मी थैली ओढून पळत जाऊ शकलो असतो. गेलो नाही.

मांडवातला भोंगा बाहेरही ऐकू येत होता. "आणखी कुणाला बोलायचं आहे का?" असं तीन वेळा विचारलं गेलं. मग, "कुणीही नाही असं समजून सुनावणी संपल्याचं जाहीर करत आहोत." तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसलेले गुणवंतराव समाधानाने म्हणाले, "झाली सभा. आता साहेब मोकळे झाले. आता येतीन."

दादाजी घरी जाऊन बसले. उठलेल्या माणसाने घरीच थांबायचं असतं, आणायला येणाऱ्याला दार बंद मिळता कामा नये. अंजनाबाईंनी अंगण सारवलं. साक्षीला सांगून फाट्यावरून सहा नवे कप आणवले. गुणवंतरावांच्या घरची खुर्ची आणून अंगणात ठेवली, कारण दादाजींच्या खुर्चीचा एक पाय हलत होता. शेतातला हरभरा काढायला आला होता, तो अंजनाबाई एकट्या काढत होत्या.

चौथ्या दिवशी पांढरी जीप आली. गल्लीतली पोरं ओरडत धावली. दादाजींनी सदरा चढवला आणि दारात उभे राहिले. जीपमधल्या माणसाने काच खाली करून पुढच्या गावचा रस्ता विचारला. दादाजींनी नीट समजावून सांगितला.

साक्षी तेव्हा कॉलेज बुडवून घरीच होती, मला रोज फोन करायची. "साधारण किती दिवसांत येतात?" मी सांगायचो, अशी काही पद्धत नसते. ती म्हणायची, "बाबांना तसं सांगू?" मी म्हणायचो, नको, थांब. नवव्या दिवशी फोनवर मागून अंजनाबाईंचा आवाज आला, "साहेबाले घर सापडून नाई राह्यलं असन. वस्तीचं नाव सांगतलं होतं का नाई यायनं?"

तेराव्या दिवशी दादाजी स्वतःच शेतात गेले. २००३ साली सात दिवस लागले होते.

एप्रिलमध्ये सुनावणीचं इतिवृत्त ग्रामपंचायतीत आलं. साक्षीने फोटो पाठवला. तक्त्यात चार रकाने होते: नाव, मुद्दा, प्रकल्पाकडून उत्तर, शेरा. अडतिसाव्या ओळीत लिहिलं होतं, "श्री. दादाजी दुर्गे, मोहाबोडी. पाण्याविषयी माहिती दिली." उत्तराच्या रकान्यात, "नियमानुसार उपाययोजना करण्यात येतील." शेऱ्यात, "समाधान झाल्याने सभास्थानावरून गेले." आणि सगळ्यात खाली, "मोहाबोडी येथील ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते. त्यांच्याकडून एकही लेखी हरकत प्राप्त झाली नाही."

हे खोटं आहे असं मी म्हणू शकलो नाही. समाधान हा एक शब्द सोडला, तर सगळं खरं होतं.

त्या एका शब्दासाठी मी त्या कार्यालयात गेलो. इतिवृत्त लिहिणारा लिपिक माझ्याच वयाचा होता, चहा मागवला त्याने. मी त्याला पाळीवरची रीत सांगितली. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "माणूस निघून गेला म्हणजे त्याचं काम झालं, असंच धरणार ना आम्ही? काम झालं नसतं तर थांबला असता." मग तक्ता माझ्याकडे वळवून म्हणाला, "आणि समजा उठला असं लिहायचं म्हटलं, तर कुठल्या रकान्यात लिहू?"

हरकती आम्ही रजिस्टर पोस्टाने पाठवल्या. उत्तर दोन ओळींचं आलं. मुदतीनंतर प्राप्त झाल्याने विचारात घेता येत नाहीत.

इतिवृत्त वाचून दाखवलं, त्या संध्याकाळी गुणवंतराव दादाजींच्या अंगणात होते. साक्षीने मला नंतर सांगितलं.

"थैली देऊ द्याची होती तुनं," ते म्हणाले. "ते पोरगं बोंबलून राह्यलं होतं."

"तू काऊन नाई बोलला मंग तवा?"

"तू उठला होता. मी कसा बोलू?"

"तू बी तं उठला."

"तुह्यामुळं उठलो! आख्ख्या गावाले तू उठवलं अन घरी आणून बसवलं."

गुणवंतराव त्या दिवशी चहा न पिता गेले. पुढे रोज येणं बंद झालं.

परवानगी मिळाली. २०२४च्या उन्हाळ्यात नाला वळवला. काम चांगलं झालंय, मी जाऊन पाहिलं, उतार नीट धरलाय, काठ दगडाने बांधलाय. त्या पावसाळ्यात तलावात आभाळातून पडलं तेवढंच पाणी आलं. सात भोकांपैकी वरची पाच कोरडी राहिली.

ऑक्टोबरात पाळीवर बैठक बसली. मी मुद्दाम गेलो होतो. पाणी सगळ्यांना पुरणार नाही हे दिसतच होतं. गुणवंतराव खाली बघत म्हणाले, "तोंडाच्या बांध्याच भिजतीन. शेपटाले पाणी पोचेपर्यंत पाटातच जिरून जाईन. दोन्हीकडचं वाळवण्यापेक्षा एकीकडचं तरी पिकू द्या."

हिशेब बरोबर होता. मी मोजणी करून दिली असती, तर मीही हेच सांगितलं असतं. पण एकवीस वर्षांपूर्वी जवळजवळ ह्याच शब्दांवर दादाजी उठले होते, आणि हे तिथल्या प्रत्येकाला आठवत होतं. सगळे त्यांच्या दुपट्ट्याकडे बघत होते. गुणवंतरावही. मला वाटतं, त्यांनी उठावं अशी गुणवंतरावांचीच इच्छा होती. म्हणजे त्यांना पुन्हा त्या अंगणात जाता आलं असतं.

दादाजी बसून राहिले. बैठक संपली तेव्हा पाण्यात उतरले, सहाव्या भोकाचा दट्ट्या काढला आणि वर आले. ओरडले नाहीत. त्यांची स्वतःची बांधी शेपटाला आहे. ती त्या वर्षी पिकली नाही.

परतताना मी विचारलं, "दादाजीभाऊ, उठला का नाहीत?"

"कायले उठू? येक वेळ उठून पाह्यलं ना."

"पण गुणवंतराव आले असते."

"तो आला असता," ते म्हणाले. "पण त्याच्या हातात काय हाय आता? त्याच्या हातात नाला हाय का? ज्याच्या हातात हाय, तो तं आलाच नाई."

यंदाच्या जूनमध्ये भिंतीवर दुसरी नोटीस लागली. खाणीचा पुढचा टप्पा, पुन्हा जनसुनावणी. साक्षीचं आता शिकून झालंय, तिने ह्या वेळी हरकती आधीच पोस्टाने पाठवल्या आणि पावत्या फाइलला लावल्या. ती चिडून म्हणते, "बाबा, ह्या खेपेला मी बोलीन. घंटी वाजली तरी बोलीन. तुम्ही फक्त बसून राहा." दादाजी हो म्हणतात.

परवा मी गेलो होतो, तेव्हा अंजनाबाईंनी त्या सहा कपांतल्या एकात चहा दिला. दादाजी नोटिशीचा कागद उलटसुलट करून पाहत होते. वाचता येतं त्यांना, चौथी झालेले आहेत. प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत शेवटपर्यंत गेले आणि कागद माझ्याकडे दिला.

"यात साऱ्यायचे कामं लिव्हले हाय," ते म्हणाले. "नोटीस कोण लावन, मांडव कोण टाकन, कोण आयकन, कोण लिवून घेईन. मी तीन वेळ वाचलं. तुमी शिकलेले हा, तुमच्या मोठ्या पुस्तकात पाहून मले येक सांगा. उठलेल्या माणसाच्या घरी जाणं, हे सरकारात कोणाचं काम हाय?"